जगातलं शेवटचं टोपण

"रविवारी भंगारवाला येतोय. तोवर गाडी चालू झाली तर ठेवा, नाहीतर शेड मला मोकळी पाहिजे," सासूबाईंनी जेवता जेवता जाहीर केलं आणि सासऱ्यांचा घास हातातच राहिला.

ती गोल दिव्यांची जुनी मोटार म्हणजे सासऱ्यांचा जीव की प्राण. कित्येक वर्षांपूर्वी बंद पडल्यापासून ते रोज संध्याकाळी तिच्यात नुसते जाऊन बसत. "डिस्ट्रिब्युटरची कॅप गेलीय. जगात कुठे मिळत नाही," असं आल्यागेल्याला सांगत. इंजिनातल्या प्लगांना वीज वाटून देणारं ते वाटीएवढं काळं टोपण. ते नाही, तर गाडी नाही. सासऱ्यांचं तोंड बघून जावयाला राहवेना. नमुना म्हणून ते खराब टोपण रुमालात गुंडाळून तो जुन्या पार्टांच्या बाजारात गेला.

दुकानात पाऊल टाकलं आणि तो बघतच राहिला. छतापर्यंत कॉइली, हॉर्न, दिवे, स्विच. रस्त्यावरून कधीच नाहीशा झालेल्या गाड्या इथे तुकड्यातुकड्यांनी जिवंत होत्या. त्याने नकळत मागे सरून चपला दाराबाहेर काढल्या.

शेठनं नमुना हातात घेतला. "नंबर दिसत नाही. मळ बघा किती." टोपण पेट्रोलच्या डब्यात टाकून शेठ शिडीवर चढले. खोक्यांमागून खोकी खाली आली. मध्येच फोन आला, चहा आला, दुसरं गिऱ्हाईक आलं. नोकरानं डब्यातला माल काढून, पुसून काउंटरवर मांडला. खाली उतरलेल्या शेठचं लक्ष तिकडे गेलं.

"हे कुठून आलं?" शेठचा आवाज एकदम खाली आला. "साहेब, असा पीस मीसुद्धा आजवर पाहिला नाही."

"पण आमचं काळं होतं."

"काळं ते साधं. हे तपकिरी. म्हणून तर दुर्मीळ."

दोघंही टोपणाकडे डोळे भरून बघत राहिले. जावयानं पाकीट रिकामं केलं.

"तुमचा नमुना शोधू का?"

"राहू द्या. ते खराब टोपण घेऊन काय करू?"

रविवारी शेजाऱ्यांची बॅटरी जोडली. टोपण बसलं, अगदी त्या जागेसाठीच घडवल्यासारखं. किल्ली फिरवली, इंजिन खोकलं आणि घुमू लागलं. भंगारवाल्यानं डोक्यावरची टोपी काढली. सासूबाई दारात थबकल्या. "अगंबाई, लग्नानंतर ह्यांनी मला घरी आणलं तेव्हा हाच आवाज होता," त्या म्हणाल्या आणि पदराने डोळे टिपत गाडीत जाऊन बसल्या. "जावई असावा तर असा."

सासरे मात्र बॉनेटखाली वाकून टोपण निरखत होते. त्यांनी जावयाला जवळ ओढलं. "जावईबापू, इथे ओरखडा आहे. माझाच स्क्रूड्रायव्हर लागला होता. हे आपलंच टोपण आहे."

जावयानं गाडीत बसलेल्या सासूबाईंकडे पाहिलं. "बाबा, मी आईंना खरं सांगून टाकतो."

"अजिबात नाही," सासरे घाईघाईनं कुजबुजले. "इतकी वर्षं ते फक्त पुसायचं होतं, हे तिला कळलं तर ती गाडी ठेवेल आणि भंगारात मला देईल."