देवरे सरांची संमती

देवरे सरांना विनोद सांगितला, तर ते आधी हसत नाहीत. आधी विचारतात, "हा कोणाचा?" आपण म्हणतो, कोणाचा म्हणजे काय, मोबाईलवर फिरत फिरत आला. "पण ज्याने रचला त्याचं नाव कोणीतरी पुसलंच असेल ना?" एवढं झाल्यावर ते हसतात. तोवर आपलं हसू संपलेलं असतं.

जामनेरच्या आमच्या शाळेत मी इतिहास शिकवतो आणि ते चित्रकला. स्टाफरूममध्ये आमचं टेबल एकच. सकाळी शिक्षकांच्या ग्रुपवर कोणी उगवता सूर्य पाठवून 'सुप्रभात' म्हटलं, की खाली सरांचा प्रश्न येतो : "फोटो कोणी काढला? संमती घेतली?" सूर्याची, की फोटोवाल्याची, हे मला अजून समजलेलं नाही. बऱ्याच जणांनी सुप्रभात म्हणणंच सोडलं. तेवढा फायदा झाला, हे मी मान्य करतो.

नववीच्या मुलांना कॉपीराइट आणि ऑनलाइन सभ्यता शिकवा, असं पत्र वरून आलं तेव्हा शाळेत गोंधळ उडाला. कॉम्प्युटरचे सर म्हणाले, हा कायद्याचा विषय. नागरिकशास्त्राच्या मॅडम म्हणाल्या, हा कॉम्प्युटरचा. मग सगळ्यांनी एकदम देवरे सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "माझी संमती आहे." ती कोणी मागितली नव्हती.

उद्घाटन मात्र जोरात झालं. मुख्याध्यापकांनी मोठा बॅनर छापून आणला. त्यावर लॅपटॉपपुढे हसणारी परदेशी मुलं होती आणि त्यांच्या गालांवरून, कपाळांवरून, फोटो विकणाऱ्या कोणा कंपनीचं नाव फिकट अक्षरांत आडवं गेलं होतं. म्हणजे फोटो उचललेला, आणि वर लाल अक्षरांत 'दुसऱ्याची निर्मिती चोरू नका'. देवरे सरांनी सकाळीच येऊन त्या मुलांवर पांढरा ड्रॉइंग पेपर चिकटवला. प्रमुख पाहुण्यांना वाटलं, हे अनावरण आहे. त्यांनी टाळ्यांच्या गजरात तो ओढून काढला. मुख्याध्यापकांनी आमच्याकडे पाहिलं, आम्ही दीपप्रज्वलनाकडे पाहिलं.

तास सुरू झाले आणि मुलं बुचकळ्यात पडू लागली. सरांचं म्हणणं साधं होतं : दुसऱ्याचं वापरायचं असेल तर आधी विचारा आणि खाली नाव लिहा. सहामाहीच्या पेपरात गौरव नावाच्या मुलाने एका उत्तराखाली स्वच्छ अक्षरांत लिहिलं, 'सौजन्य : नीलेश, पुढचा बाक.' पेपर माझ्याकडे होता. कॉपीबद्दल शून्य द्यावं की प्रामाणिकपणाबद्दल गुण द्यावेत, मला ठरवता येईना. मी उत्तरपत्रिका घेऊन सरांकडे गेलो. त्यांनी ती दोनदा वाचली आणि गंभीरपणे विचारलं, "नीलेशची संमती घेतली होती का?"

सभ्यतेचा तास तर मी दाराशी उभा राहून ऐकला. सरांचा नियम असा, की मोबाईलवर कोणाला जे लिहिलं असेल, ते त्याच्यासमोर उभं राहून मोठ्याने वाचायचं. गौरवने वर्गातल्या सानियाच्या फोटोखाली काहीतरी लिहिलं होतं. तो उभा राहिला. कानापर्यंत लाल झाला. वाचेचना.

"लिहिताना तर फार जोर होता रे?" सर म्हणाले.

"सर, तेव्हा ती समोर नव्हती."

"ती समोरच असते रे, दादा. तुला दिसत नाही, एवढंच."

शेवटी सानियानेच ते वाचून दाखवलं, "हिचं तोंड म्हणजे जाळलेलं वांगं," आणि वर म्हणाली, "वांगं भाजतात, गौरव. जाळत नाहीत." वर्ग हसला. कोणाचा विनोद, हे सरांनी लगेच फळ्यावर लिहिलं : सानिया.

वांग्यावरून वहिनींकडे यावं लागतं. सरांच्या बायकोला, सुमनवहिनींना, स्टाफमध्ये सगळे ओळखत. माहेर शिरपूरकडचं, बोलणं अस्सल अहिराणी, आवाज खणखणीत. दीड वर्षापूर्वीच्या आनंदमेळाव्यात त्यांनी भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचा स्टॉल लावला होता. भरीत फार तिखट आहे म्हणून कोणीतरी नाक मुरडलं, तर त्या ओरडल्या, "आधी खाई ल्या, मंग नावं ठेवा!" आणि स्वतःच खदाखदा हसल्या. सानियाने ते मोबाईलवर टिपलं आणि रील करून टाकलं.

मग तो आवाज इतरांच्या रीलवर सुटला. कोणी गणिताच्या पेपरला लावला, कोणी नव्या हेअरकटला, सावद्याच्या एका पोराने केळीच्या घडाला लावला. वाक्य वहिनींचं, तोंडं दुसऱ्यांची. गेल्या उन्हाळ्यात वहिनी आठ दिवसांच्या आजारात गेल्या. आवाज फिरतच राहिला.

सुप्रभातच्या सूर्याला न सोडणारा हा माणूस याबद्दल मात्र एक अक्षरही बोलला नाही. मला हे कोडंच पडलं होतं. मधल्या सुट्टीत ते कानात वायर घालून खिडकीकडे तोंड करून बसायचे. मी समजायचो, बातम्या ऐकत असतील.

जानेवारीतल्या एका दुपारी सानिया स्टाफरूमच्या दाराशी आली. हातात अर्ज. रीतसर : प्रति, विषय, महोदय. विषय होता, 'परवानगी न घेता आवाज वापरल्याबद्दल माफी.'

"सर, तुम्ही शिकवलं तेव्हा लक्षात आलं," ती म्हणाली. "मी काकूंना विचारलंच नव्हतं. मी माझं डिलीट करते. मूळ माझंच आहे, ते काढलं की बाकीच्यांचाही आवाज जाईल. ज्यांचा राहील त्यांना मी सांगते. बठ्ठं, सगळंच काढून टाकू."

शिकवलेलं इतकं लागू पडल्यावर कोणताही शिक्षक खूश झाला असता. सर पांढरे पडले.

"तू मेळाव्यात तिला विचारलं नव्हतंस?"

"नाही, सर. चुकलं."

"मी विचारायचो," सर म्हणाले. माझ्याकडे, की खिडकीकडे, कळलं नाही. "तीस वर्षं विचारायचो. तुझा आवाज भरून ठेवू का? ती म्हणायची, माझा कसला आवाज, ऱ्हाऊ द्या. नाही म्हटल्यावर नाही. घरात तिचा एक शब्द नाही, भाऊ. तपासला, सगळा मोबाईल तपासला."

सानिया गोंधळून एकदा सरांकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. "मग सर, आता परवानगी कोणाकडे मागायची?"

नियम सरांचाच होता. वहिनींची संमती नव्हती; म्हणजे काढून टाकायला हवं. सरांनी लाल पेन उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. अर्जाच्या कोपऱ्यात त्यांनी चित्रकलेच्या सुंदर अक्षरांत एकच शब्द लिहिला : 'विचाराधीन'. खाली सही.

"म्हणजे काढू की ठेवू?"

"अर्ज विचाराधीन असताना कशाला हात लावायचा नसतो."

"निर्णय कधी होईल, सर?"

"वेळ लागतो," सर म्हणाले. "अशा कामांना फार वेळ लागतो."

त्यांनी अर्ज घडी करून खणात ठेवला आणि खणाला कुलूप लावलं. सानिया जायला वळली, तशी त्यांनी तिला हाक मारली.

"टिपलंस तू. तेव्हा हे तुलाच विचारायला हवं." त्यांनी खिशातली वायर काढून टेबलावर ठेवली. "एकदा मोठ्याने लावतेस का? वायरशिवाय. तुझी संमती असेल तर."

तिने मोबाईल टेबलावर ठेवला. "आधी खाई ल्या, मंग नावं ठेवा!" आणि मागून ते खदाखदा हसणं, स्टाफरूमभर.

सरही हसले. हा कोणाचा, हे न विचारता, आणि लगेच.