शेपूट दाखवा, गवा थांबवा

एका जंगलात, बाळांनो, समुद्र होता आणि समुद्राकडे जाणारा रस्ता एकच होता. घाटावरून उतरायचा, नारळी-पोफळींतून वळणं घेत किनाऱ्याला लागायचा. समोरासमोर दोन मोटारी आल्या की एकीला कुणाच्या तरी कुंपणात शिरावं लागे.

या रस्त्यावर एक गवा होता. सकाळी वर, संध्याकाळी खाली, अशा त्याच्या रोजच्या फेऱ्या. पाठ इतकी रुंद की वीस जनावरं आरामात बसत आणि आणखी दहा भांडत बसत. थांबे ठरलेले नव्हते. कुणी शेपूट वर केलं की गवा थांबे आणि ते वर असेपर्यंत पाऊल उचलत नसे. बापाने त्याला एवढंच शिकवलं होतं.

खाडीकाठी सगुणा पाणमांजर राहायची. तिच्या पोराला हिवताप होता. घाटमाथ्यावरचे अस्वल डॉक्टर दर बुधवारी औषध देत. "एक जरी बुधवार चुकला, तर माझ्या हातात काही राहणार नाही," असं त्यांनी बजावलं होतं. सगुणाला चिंता नव्हती. गवा होता ना.

मग सिंह महाराजांना प्रगती सुचली. त्यांनी दवंडी पिटली, की समुद्र बघायला या. पाहुणे आले. एका मोटारीत एक कोल्हा, मागच्या सीटवर त्याची टोपी. दुसरीत एक लांडगा, मागच्या सीटवर काहीच नाही. असे शेकडो. पुढे गवा थांबला की मागे सगळे भोंगे वाजवत.

"हा मधेच थांबतो. आमची सुट्टी वाया जाते," कोल्हा म्हणाला.

महाराजांनी सात जणांची समिती नेमली. समितीने रस्त्याची पाहणी केली, सात मोटारींतून. त्या दिवशी रस्ता संध्याकाळपर्यंत तुंबला. समितीने लिहिलं, की रस्ता गव्यामुळे तुंबतो.

गवा बंद झाला. त्याला शेतात चरायला सोडलं. त्याच्या पाठीवरच्या तीस जनावरांपैकी ज्यांना जमलं त्यांनी मोटारी घेतल्या आणि ती तुंबलेल्या रस्त्यात जाऊन उभी राहिली. उरलेली घरी बसली. सगुणाला घरी बसून चालणार नव्हतं.

बुधवार आला, तोही जोडून सुट्टीचा. पोराचं अंग तव्यासारखं तापलेलं. त्याला खांद्यावर टाकून सगुणा निघाली आणि दिसेल त्या मोटारीला शेपूट दाखवू लागली. काचा बंद होत्या. एका माकडिणीने काच खाली केली, तशी सगुणा धावली. माकडिणीने तिचा फोटो काढला, "किती गोड," म्हणाली आणि काच वर केली.

त्याच रांगेत महाराजांची मोटार होती. घाटमाथ्यावर नव्या वाहनतळाचं उद्घाटन करायचं होतं. दोन तास झाले तरी चाक हलेना. शेवटी महाराजांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच खिडकीतून शेपूट वर केलं.

शेतातून गवा धावत आला. महाराज चढले. मोटारींच्या कडेकडेने, बांधावरून गवा झपाझप चालू लागला. महाराजांना वारा लागला, बरं वाटलं. तेवढ्यात गवा थांबला. पुढे सगुणा उभी होती.

"चल," महाराज म्हणाले.

"शेपूट वर आसा, म्हाराज," गवा म्हणाला.

"मी राजा आहे."

"तुमचाय वर होता, म्हणान तर थांबलंय."

महाराजांनी डरकाळी फोडली. गवा रवंथ करत उभा राहिला. ऊन चढत होतं. शेवटी महाराज जरा पुढे सरकले.

"पोराक ताप इलोहा, म्हाराज," चढता चढता सगुणा म्हणाली. महाराज समुद्राकडे बघत होते.

औषध वेळेवर मिळालं. संध्याकाळी पोराने डोळे उघडले आणि मासा मागितला. उद्घाटनही वेळेवर झालं. महाराज गव्यावर बेहद्द खूश झाले. दुसऱ्याच दिवशी फर्मान निघालं, की गवा ही उत्तम सेवा आहे, आम्ही स्वतः अनुभव घेतला आहे. सबब ती आजपासून महाराज आणि त्यांचे खास पाहुणे यांच्यासाठी राखून ठेवली आहे. वाटेत शेपटं वर करून तिचा खोळंबा करू नये.

शिपाई घरोघर फिरले आणि प्रत्येकाचं शेपूट सुतळीने मागच्या पायाला बांधून गेले.

पुढच्या बुधवारी सगुणा त्याच जागी उभी होती. खांद्यावर पोर होतं, पुन्हा तापलेलं. गवा आला. पाठीवर गादी, गादीवर महाराज, शेजारी कोल्हा.

"गवादादा, मी आसंय," सगुणा म्हणाली.

गवा हळू झाला. इतका हळू, की महाराजांनी वर्तमानपत्रातून मान वर काढली. गव्याने सगुणाच्या तोंडाकडे पाहिलं, पोराकडे पाहिलं. मग शेपटाकडे पाहिलं. ते खाली होतं. बापाने त्याला एवढंच शिकवलं होतं. तो पुढे निघून गेला.

सगुणाने पोराला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि घाट चढायला लागली. दवाखाना बाराला बंद होतो.

तात्पर्य: सार्वजनिक वाहन ही फार चांगली सोय आहे, फक्त त्यात लोकांनी बसू नये. आणि ज्यांची शेपटं खाली आहेत, त्यांची काही तक्रार नाही असं समजावं.