तीनशे बारा खोल्या

स्वतःच्या तोंडाने सांगू नये, पण टापटीप या विषयात अख्ख्या लायप्झिगमध्ये माझा हात धरणारा कोणी नाही. म्हणून शेजारच्या बागेतल्या इन्गोल्फने कुंपणावरून विचारलं, "वेंडेलिन, तुला झेपेल का रे हे?" तेव्हा मला रागच आला.

'हे' म्हणजे माझ्या बायकोची, हिल्ट्रूडची बाग. शहरातल्या लोकांना भाड्याने बागा देणाऱ्या वसाहतीतला सत्तावीस नंबरचा तुकडा तिच्या नावावर होता. नोव्हेंबरमध्ये ती गेली. आता मे महिन्यात वसाहतीची समिती पाहणी करणार आणि बाग मला द्यायची की प्रतीक्षायादीतल्या पुढच्या माणसाला, ते ठरवणार. मला बागकामातलं ओ की ठो कळत नाही. पण तिची बाग परक्या हातात जाऊ द्यायची नाही, एवढं पक्कं होतं.

"समितीला हल्ली किड्यांचं फार कौतुक," इन्गोल्फ म्हणाला. "मधमाश्यांना राहायला लोक भोकाभोकांचे ठोकळे ठेवतात, तसं काहीतरी कर."

"काहीतरी? किड्यांचं हॉटेल बांधतो! साधंसुधं नाही, कलाकृती!"

"तू? तू पक्ष्यांचं घर उलटं टांगलं होतंस."

"ते आधुनिक होतं!"

रुगन बेटावर समुद्रकाठी एक पांढरंशुभ्र हॉटेल आहे. दरवर्षी मी म्हणायचो, "या उन्हाळ्यात तिथे जाऊ." दरवर्षी हिल्ट्रूड म्हणायची, "जाऊ की, पण टोमॅटोला पाणी कोण घालणार?" बेचाळीस उन्हाळे टोमॅटोंनी खाल्ले! तेव्हा ठरवलं, तेच हॉटेल बांधायचं. चार मजले, नक्षीदार बाल्कन्या आणि ओकच्या ठोकळ्यांत भोकं पाडून तीनशे बारा खोल्या.

आधी जागा साफ केली. हिल्ट्रूडच्या बागेला पसारा म्हणणं म्हणजे पसाऱ्याचा अपमान! वाळलेले दांडे तसेच उभे. कोपऱ्यात पेअरचं मेलेलं खोड, भोकं पडून चाळण झालेलं. पुढ्यात उघडी वाळू, तिच्यात एक रोप नाही. दर पाहणीत तिच्या कागदावर 'दोष' लागायचा आणि ती तो कागद बक्षीस मिळाल्यासारखी घरी आणायची. मी दांडे कचऱ्याच्या गाडीत घातले. खोड कापून घरच्या शेगडीत जाळलं. वाळूवर हॉटेलसाठी फरशा बसवल्या.

"बघ हिल्ट्रूड," मी मोठ्याने म्हणालो, "आता कोणी नावं ठेवणार नाही!"

मग ड्रिल सुरू केलं. दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी. पाचव्या मिनिटाला समितीच्या अध्यक्ष कुलमायबाई सपाता घालूनच फाटकात!

"अहो, एक ते तीन विश्रांतीची वेळ! ठोकाठोकी बंद!"

"बाई, फक्त तीनशे खोल्या राहिल्यात!"

"खोल्या? इथे खोल्या बांधताय?"

कुंपणाकुंपणावर मुंडकी उगवली. संध्याकाळपर्यंत बातमी पसरली की म्हातारा बायकोच्या बागेत भाडेकरू ठेवतोय! रविवारी तीन विद्यार्थी सामान घेऊन हजर. एकाने विचारलं, गरम पाणी आहे का?

"खोली आठ मिलिमीटरची आहे," मी म्हणालो.

"चालेल," तो म्हणाला. लायप्झिगमध्ये जागेची टंचाईच तशी आहे.

पांढऱ्या रंगाचे तीन हात दिले. पाहणीचा दिवस उजाडला. कुलमायबाईंनी हॉटेलला टेप लावली. "उंची नियमात बसते. पाहुणे?"

"येतील. अजून रंगाचा वास आहे."

आत दोनच माश्या होत्या, त्याही रंगाला चिकटलेल्या.

तेवढ्यात एक थोरला निळसर काळा भुंगा घुमत आला. "आला! पहिला पाहुणा!" मी टाळ्या वाजवल्या. भुंगा हॉटेलवरून सरळ पुढे गेला, कोपऱ्यात पोचला आणि गुडघाभर उंचीवर, काही नसलेल्या हवेत थांबला. मागे गेला, पुन्हा तिथेच आला. मग दुसरा आला. दोघे त्या मोकळ्या जागेला घिरट्या घालू लागले.

कुंपणापलीकडे इन्गोल्फने टोपी काढली. "वेंडेलिन, इथलं खोड?"

"जाळलं."

त्याने टोपी कुंपणाच्या खांबावर ठेवली. मग म्हणाला, "हे त्यातच राहायचे. दांड्यांत छोट्या मधमाश्या, वाळूत आणखी वेगळ्या. अकरा वर्षं दोष घेतले तिने, पण त्या खोडाला हात लावू दिला नाही."

"मला कधी बोलली नाही."

"बोलली असेल रे. ऐकायला बागेत यावं लागतं."

कुलमायबाईंनी कागदावर सही केली. "दोष शून्य! सत्तावीस नंबरला अकरा वर्षांत पहिल्यांदाच. बाग तुमची, अभिनंदन!"

भुंगे अजून घिरट्या घालत होते.

"बाई," मी म्हणालो, "एखादा दोष लिहा ना."

"कसला?"

"कसलाही. तिच्या कागदावर असायचा."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "असल्याशिवाय कसा लिहू?" असं म्हणाल्या खऱ्या, पण चष्मा लावून वाकल्या. इन्गोल्फ कुंपण ओलांडून आला. आम्ही तिघांनी गुडघ्यांवर बसून, झुडपांखाली, पाण्याच्या पिंपामागे अर्धा तास शोधलं.

एक वाळकी काडी सापडली नाही. काम मी फारच चोख केलं होतं!