लाटसाहेबाचा दुखरा पाय

घोड्याचं पिल्लू सांभाळायला अक्कल लागत नाही, अंतःकरण लागतं! असं मी भूतदया मंडळाच्या बैठकीत ठणकावून सांगितलं. टाळ्या पडल्या. टाळ्या थांबेपर्यंत शिंगरू माझ्या पदरात पडलं होतं!

झालं होतं असं, की नगरपालिकेच्या कोंडवाड्यात एक शिंगरू सापडलं होतं. सापडलं म्हणजे हाडं तेवढी सापडली. कातडं त्यांच्यावर वाळत घातल्यासारखं होतं. पुढच्या डाव्या पायात कुणीतरी दोर बांधला होता आणि सोडायला विसरलं होतं. पाय वाढला, दोर काही वाढला नाही. डोळे मात्र असे, की त्यांत बघावं आणि आपणच काहीतरी चोरलंय असं वाटावं! कोंडवाड्याने अट घातली: उन्हाळा सरेपर्यंत याला बरं करा आणि चांगल्या घरी दत्तक द्या. नाहीतर हे परत कोंडवाड्यात, तिथून लिलावात आणि लिलावातून थेट विटांच्या गाडीला.

तोवर ठेवायचं कुणी? अध्यक्षबाईंच्या घरी गालिचे. खजिनदारांना केसांची ॲलर्जी. चिटणीसांची मांजर स्वभावाने हळवी. उरले मी, माझं अंतःकरण आणि आमचं गॅरेज.

"मग गाडी कुठे ठेवू?" ह्यांनी विचारलं.

"रस्त्यावर. तिला काय जीव आहे?"

"रंग आहे," हे म्हणाले आणि गॅरेजच्या शटरवर डोकं आपटून बाहेर गेले. ह्यांची ही रोजची खोड. शटर अर्धंच उघडायचं आणि वाकायला विसरायचं.

वरच्या मजल्यावर आमच्या थोरल्या जाऊबाई राहतात. आयुष्यभर इस्पितळात मेट्रन होत्या. त्यांच्या वॉर्डातले पेशंट म्हणे त्यांच्या चपलांचा आवाज ऐकूनच बरे व्हायचे! त्या खाली आल्या, कमरेवर हात ठेवून शिंगराकडे बघत राहिल्या.

"धाकटे, हे काय आणलंस?"

"बघा ना जाऊबाई, बिचारं!"

"बिचारं कशानं? चार पाय आहेत. माझ्याकडे दोन पायांची माणसं याहून वाईट अवस्थेत आली आणि चालत घरी गेली."

अशा माणसापुढे अंतःकरण उघडून काय उपयोग!

मी कामाला लागले. जनावरांच्या डॉक्टरांनी दाखवलं तसं रोज जखम धुवायची, मलम लावायचं, पट्टी बांधायची. पट्टी सोडताना मला गलबलून यायचं आणि तोंडातून आपोआप निघायचं, "च् च् च्!" मग त्याला वाईट वाटू नये म्हणून एक गाजर. मंडळाची माणसं बघायला यायची. दारातूनच, "च् च् च्!" की गाजर. शेजारीपाजारी यायचे. "च् च् च्!" गाजर! संध्याकाळी मी त्याची मान खाजवत गुणगुणायची,

घोड्याच्या शिंगरा, तुझ्या कपाळी चांदणं
पाऊल टाक बाळा, सुटलं पायाचं बांधणं

"गाणं झालं असेल तर लीद उचल," वरून आवाज यायचा.

शिंगरू अंगाने भरलं. आयाळ आली, ऐट आली. गाजर जरा बारीक असलं तर हुंगून बाजूला सारू लागलं, तेव्हा ह्यांनीच त्याचं नाव ठेवलं, लाटसाहेब! डॉक्टरांनी पट्टी कायमची काढली त्या दिवशी तो अंगणभर असा उधळला, की दोरीवरची जाऊबाईंची चादर पाठीवर घेऊन लढाईवर निघाल्यासारखा दिसत होता.

"ठणठणीत!" डॉक्टर म्हणाले. "द्या दत्तक."

पहिले आले एक मुख्याध्यापक. शाळेमागे त्यांचं मोठं कुरण होतं. लाटसाहेब डौलात समोर आला. मुख्याध्यापक खूश! मग त्यांना पायावरची जुनी खूण दिसली. "च् च् च्! काय हाल केले असतील!"

लाटसाहेब थबकला. मान खाली गेली. डावा पाय हळूच वर झाला. खालचा ओठ लोंबायला लागला.

"अहो, हे लंगडतंय!" मुख्याध्यापक एक गाजर देऊन निघून गेले.

त्यांच्यानंतर जे जे आले, ते सगळे मऊ मनाचे. तेवढेच चुकचुकले आणि तेवढेच परत गेले. मी धावत डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी पाय दाबला, वाकवला, ठोकला.

"बाई, हा पाय तुमच्या-माझ्या पायापेक्षा चांगला आहे."

दुसऱ्या दिवशी तो उजव्या पायाने लंगडला! मी फोनवर ओरडलेच, "डॉक्टर, पसरलं हो! आता उजव्यात आलं!" डॉक्टरांनी फोन ठेवून दिला.

मंडळात मात्र आनंद! लंगड्या लाटसाहेबाच्या गळ्यात हात टाकलेल्या अध्यक्षबाईंचा फोटो वर्तमानपत्रात आला होता आणि सभासद होण्यासाठी रांग लागली होती.

"इतक्यात फार बरा करू नका हं!" अध्यक्षबाई म्हणाल्या.

"अहो, पण मुदत संपत आली! विटांची गाडी!"

"अरेरे! तेही वाईटच," त्या विचारात पडल्या. "त्याचाही फोटो घेऊ."

मी घरी येऊन गॅरेजमध्ये बसले. "कसं रे होणार तुझं, लाटसाहेबा! च् च् च्!"

त्याने लगेच उजवा पाय उचलला. जाऊबाई अंगणात दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होत्या. त्या वळल्या.

"परत कर."

"काय?"

"तो पालीसारखा आवाज."

"च् च् च्!"

पाय वर. ओठ खाली.

"चालायला लाग!" जाऊबाई वॉर्डातल्या आवाजात कडाडल्या. लाटसाहेब चारी पायांवर खट्कन उभा राहिला. मीसुद्धा!

"अंतःकरण पुरे झालं, धाकटे. आता तोंड आवर."

शेवटच्या रविवारी झाडांच्या नर्सरीच्या मालकीणबाई येणार होत्या. त्यांच्याकडे एक म्हातारी घोडी होती. जोडीदार गेल्यापासून ती भिंतीकडे तोंड करून उभी राहायची, चाऱ्याला शिवायची नाही. तिला सोबत हवी होती आणि आम्हाला घर. ही भेट फसली, की सोमवारी कोंडवाड्याची माणसं येणार! मी घरात सगळ्यांना तंबी दिली. अख्खं मंडळ फोटोग्राफर घेऊन आगंतुकासारखं उगवलं, तेव्हा प्रत्येकाच्या तोंडात मी स्वतःच्या हाताने पेपरमिंट कोंबलं.

मालकीणबाईंनी दोर धरला. लाटसाहेब चालला. काय चालला म्हणून सांगू! उन्हात अंग तांब्याच्या हंड्यासारखं लकाकत होतं, आणि टापा अशा पडत होत्या, की जमिनीनेच ठेका धरावा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाई हसल्या. "नेते मी याला," म्हणण्यासाठी त्यांनी तोंड उघडलं...

आणि हे गॅरेजमधून बाहेर आले. ठण्ण!

ह्यांनी डोकं धरलं आणि मंडळाची सारी भूतदया एका क्षणात जागी झाली. "च् च् च्!" पेपरमिंटं उडाली!

लाटसाहेब थांबला. मान खाली. ओठ खाली. आणि या वेळी वर गेला मागचा पाय!

मी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांपुढे विटाच विटा!

"याचा नक्की कोणता पाय दुखतो?" मालकीणबाईंनी विचारलं.

"तुम्हाला हवा तो," जाऊबाई म्हणाल्या. "चुकचुकलं की दुखतो."

बाई दोन्ही हातांनी पोट धरून हसल्या. "माझ्याकडे चुकचुकायला सवड कुणाला? आणि आमची म्हातारी असली नाटकं एका लाथेत बंद करील! चल रे, लबाडा!"

लाटसाहेब निघाला, चारी पायांवर. जाता जाता माझ्या डाव्या पायावर खूर ठेवून गेला आणि मागे वळून बघितलंसुद्धा नाही. मी रडत, लंगडत घरात आले. कपाळावर टेंगूळ घेऊन हे बसले होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "च् च् च्! फार लागलं का गं?" आणि उठून, लग्नानंतर पहिल्यांदाच, स्वतः चहा केला!

लाटसाहेबाचं उत्तम चाललंय. म्हातारीने भिंत सोडली. आता ती चारा खाते आणि मग त्याला चावते. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, लंगडणं साफ गेलं.

माझा पाय मात्र अजून बरा नाही. माणसांचे डॉक्टर म्हणतात, पायाला काहीसुद्धा झालेलं नाही. डॉक्टरच बदलावा म्हणते मी. कालही हे संध्याकाळी चहा घेऊन आले, मायेने चुकचुकले, मी पाय उचलून उशीवर ठेवला. तेवढ्यात दारातून आवाज आला,

"धाकटे, कालपर्यंत डावा होता ना गं?"