ठेवू का काढू?

आमच्या शेजारचे मन्मथआप्पा झाडाला प्रश्न विचारतात. सकाळी साडेआठला मी भाकऱ्या थापायला बसले, की भिंतीपलीकडून आवाज यायचाच, "ठेवू का काढू?" मग शांतता. एक भाकरी तव्यावर पडून, पाणी फिरवून, उलटून, जाळावर फुगेपर्यंत शांतता. त्यानंतर कात्रीचा कट् असा आवाज, नाहीतर नुसताच खुर्ची सरकल्याचा. आणि पुन्हा, "ही? ठेवू का काढू?"

मी लातुरात क्लासच्या पोरांची मेस चालवते. रोजचे चाळीस डबे, आठ दिवसांनी येणारं नळाचं पाणी आणि मुळातला माझा तापट स्वभाव. त्यात झाडाशी बोलणारा शेजारी मला नकोच होता. आप्पांनी तीस वर्षं डाळमिलमध्ये चाळणीवर काढली. खडा, काळा दाणा, फुटकी डाळ नजरेनं टिपून बाजूला करायची, हेच काम. निवृत्त झाल्यावर टिपायला काही उरलं नाही म्हणून डोकं फिरलं असेल, असं मी आमच्या ह्यांना सांगून टाकलं. हे म्हणाले, "तुला काय करायचंय?" ह्यांचं प्रत्येक बाबतीत हेच असतं.

बरं, प्रश्न झाडापुरताही नव्हता. न्हाव्याकडे बसले की मिशीला बोट लावून त्यालाच विचारायचे, "ठेवू का काढू?" एकदा भर रस्त्यात आमच्या ह्यांच्या शर्टाचं लोंबणारं बटण धरून उभे राहिले. हे गडबडीत "काढा" म्हणाले, तर आप्पांनी खिशातून कात्री काढली आणि बटण ह्यांच्या हातावर ठेवलं. ते टाचत बसायची वेळ माझ्यावर आली.

ते दोघं नवराबायको नुकतेच भाड्यानं राहायला आले होते. आप्पांची बायको मादेवीआक्का घराबाहेर पडत नाहीत एवढंच मला ठाऊक होतं. येळवशीला, म्हणजे वेळअमावस्येच्या सणाला, भाज्या-डाळींची भज्जी द्यायला म्हणून मी पहिल्यांदा आत गेले आणि दारातच थांबले. खोलीत एक बाज. बाजेवर आक्का. चार वर्षांपूर्वी लकवा मारलेला, उजवी बाजू गेलेली. डावा हात तेवढा जिवंत होता, तो सारखा काहीतरी चाचपत असायचा. बाजेला लागून स्टूल, स्टुलावर पसरट कुंडी, कुंडीत हातभर उंचीची चिंच. आणि झाडाच्या पलीकडे खुर्चीवर आप्पा, हातात कात्री.

"ही ठेवू का काढू?"

आक्का झाडाकडे बघत राहिल्या. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. शब्द कुठून तरी लांबून ओढून आणावा तसा आला. "न्हाई."

कट्.

आक्कांची वाचा गेली होती. 'हाव' आणि 'न्हाई' एवढे दोनच शब्द राहिले होते, तेही असे उशिरा येणारे. हाव म्हणजे ठेव, न्हाई म्हणजे काढ, हे त्यांचं दोघांत ठरलेलं. आक्कांचा आवाज इतका बारीक, की भिंतीपलीकडे पोचतच नव्हता. मी भज्जीचं पातेलं ठेवलं आणि तशीच परत आले. माणसाला वेडा ठरवून मोकळं व्हायची मला सवय आहे, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा खटकलं.

मग माझं जाणं वाढलं. ती चिंच आक्कांच्या माहेरची, देवणीकडची. शेताच्या बांधावर जनावरांनी वर्षानुवर्षं खाऊन खाऊन ठेंगणी ठेवलेली. खोड मनगटाएवढं जाड, उंची काही नाही. आक्कांना लकवा मारल्यावर आप्पांनी ती मुळासकट आणली. "दिसभर बाजंपाशी बसून काय करावं? हात रिकामा असला की डोळ्याला पानी येतं," असं त्यांनी मला सरळ सांगितलं होतं. मोबाईलवर बघून बघून ते बोन्साय शिकले. फांद्यांना तार गुंडाळायची, वळण द्यायचं, तार काढायची. कुठली फांदी जगेल आणि कुठली जाईल, ते मात्र आक्का ठरवायच्या.

एका फांदीवरून दोघांचं वाजायचं. सगळ्यात खालची, खोडातून निघून सरळ आक्कांच्या बाजूला आलेली. बोन्सायमध्ये अशी फांदी चालत नाही म्हणे, बघणाऱ्याच्या डोळ्यात जाते. आप्पांनी किती वेळा विचारलं असेल, आणि दर वेळी आक्कांचं "हाव". मग आप्पा कारण शोधायला बसायचे. "माहेरी असल्या फांदीला झोका बांधत व्हता का?" न्हाई. "तिच्यावरनं पडली व्हतीस का?" न्हाई. "मग कामून ठेवायची? मला चिडवून राहिलीस का?" त्यावर आक्कांनी भरपूर वेळ घेतला आणि म्हणाल्या, "हाव." आप्पा कात्री खाली ठेवून हसले. आक्कांचं अर्धंच तोंड हसायचं, पण ते हसलं.

आता शेवाळाचं सांगते, कारण तिथं माझं चुकलं. बोन्साय प्रदर्शनात ठेवायचं तर कुंडीतल्या मातीवर हिरवंगार शेवाळ लावावं लागतं. लातुरात शेवाळ कुठलं? जिथं पाणी गळतं तिथं. त्यामुळे या गावातला प्रत्येक गळका पाईप आप्पांना पाठ. हातात उलथनं घेऊन पहाटे फिरायचे, आणि कुठं काय गळतं ते मेले तरी कुणाला सांगायचे नाहीत. आमच्या गल्लीच्या तोंडाशी व्हॉल्व्ह गळत होता. मी चार घागरींवर चाळीस पोरं जेवू घालते आणि इकडे पाणी वाहून जातंय. मी अर्ज दिला, दोनदा जाऊन भांडले, आणि व्हॉल्व्ह दुरुस्त करवून घेतला. आठ दिवसांत तिथलं शेवाळ काळं पडून उडून गेलं. आप्पा महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. माझी वाटी परत द्यायची तर भिंतीवर ठेवून जायचे.

मला तरी कुठं माहीत होतं, की ते शेवाळ ते नांदेडच्या प्रदर्शनासाठी राखून होते? त्यांनी आक्कांना विचारलं होतं, "तुझं झाड नांदेडला नेऊ का? पैला नंबर आनू का?" आणि आक्का हाव म्हणाल्या होत्या. तेवढ्या एका शब्दावर माणूस कामाला लागला. कुंडी घासून तिला करडईचं तेल चोळलं. खोड दात घासायच्या ब्रशनं साफ केलं. तो ब्रश त्यांच्या स्वतःच्या ब्रशशेजारी एकाच पेल्यात असायचा, आणि कधीतरी अदलाबदल होत असणार, अशी माझी खात्री आहे. प्रदर्शनाला दीड महिना राहिला तेव्हा त्यांनी चिंचेची सगळी पानं खुडली. म्हणजे वेळेवर नवी, बारीक, टवटवीत पानं येतात.

पानं खुडल्याच्या तिसऱ्या दिवशी आक्का गेल्या.

भेटायला येणाऱ्या बाया बाजेशेजारची ती उघडी बोडकी चिंच बघायच्या आणि म्हणायच्या, "बघा, झाडानंबी जीव सोडला." आप्पा कुणालाच काही समजावून सांगत नव्हते. आक्कांना त्यांच्या लिंगायत रीतीप्रमाणे बसवून माती दिली. आमचे हे तिथं होते. माणसं फावड्यानं माती लोटत होती आणि आप्पा एकच म्हणत राहिले, "लई दाबू नका. ढेकळं फोडून टाका, पन लई दाबू नका." कुंडी बदलताना ते असंच म्हणायचे. हे घरी आले आणि चहा न घेता बसून राहिले. 'तुला काय करायचंय', असं त्या दिवशी ते म्हणाले नाहीत.

त्यानंतर सकाळी भिंतीपलीकडून आवाज येईना. माझ्या भाकऱ्या करपायला लागल्या. भाकरी कधी उलटायची, हे मी त्या शांततेवरून ठरवत होते, ते मला तेव्हा कळलं.

प्रदर्शन दोन दिवसांवर आलं. मी जेवण घेऊन गेले तर चिंचेला पालवी आलेली, कोवळी, पोपटी. आप्पा स्टुलासमोर बसलेले आणि कुंडीतली माती उघडीच.

"जायचं नाही का नांदेडला?" मी विचारलं.

"ती हाव म्हनली व्हती. जावंच लागंल. पन शेवाळ न्हाई."

मी घरी आले. आमच्या न्हाणीमागं टाकीखाली, कुणाला दिसणार नाही अशा जागी, मखमलीसारखं शेवाळ माजलं होतं. माझी स्वतःची टाकी गळत होती, कधीपासून कोण जाणे. उलथन्यानं खरवडून ताटभर नेऊन दिलं. आप्पांनी ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"म्हंजे तुमचीबी टाकी गळून राहिली, वैनी. आन् अर्ज कुनाचे?"

मी मान खाली घातली. त्या अबोल्यानंतर ते पहिल्यांदाच असं मोकळं बोलले होते, म्हणून ऐकून घेतलं. एरवी घेतलं नसतं.

शेवाळ लावता लावता त्यांनी त्या खालच्या फांदीला बोट लावलं. "हिला मात्र काढावंच लागंल. नंबर पायजे तर ही चालत न्हाई." कात्री उचलली, पण पुढं काही झालं नाही. फांदी तशीच राहिली आणि झाड तसंच टेम्पोत चढलं. आप्पांच्या पोटात दोन दिवस धड अन्न नव्हतं, म्हणून मीही सोबत गेले. डबे त्या दिवशी ह्यांनी केले. पोरांना काय मिळालं ते मी विचारलं नाही.

नांदेडच्या त्या हॉलमध्ये पांढऱ्या चादरी घातलेल्या टेबलांवर साठेक झाडं मांडलेली. वड, पिंपळ, उंबर. सगळी बडी, देखणी. पण आमच्या चिंचेपाशी आल्यावर माणसं थांबत होती. परीक्षक मॅडमही थांबल्या. वाकून बघितलं, मागून बघितलं, आणि म्हणाल्या, "काका, असं खोड मी फार दिवसांत पाहिलं नाही. पण ही समोरची फांदी का ठेवलीत? सगळा तोल बिघडवते. बारा वाजता आम्ही शेवटची फेरी घेतो. तोवर काढलीत, तर पहिला नंबर तुमच्याशिवाय कुणाचा नाही, हे मी आत्ताच सांगते."

अकरा वाजून गेले होते. आप्पांनी खिशातून कात्री काढली. फांदीच्या बुडाशी लावली. आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "ठेवू का काढू?"

आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. दोघंतिघं हसले, म्हातारा झाडाशी बोलतो म्हणून. मॅडमही हसल्या. आप्पा थांबले. मी मनातल्या मनात भाकरी टाकली, पाणी फिरवलं, उलटली. भाकरी फुगली तरी ते थांबलेलेच. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

मॅडमना वाटलं, काका अडलेत. समजावून सांगावं म्हणून त्यांनी फांदीच्या शेंड्याजवळ बोट टेकवलं. "हे बघा, नाहीतरी ही फांदी खराब झालीय. सगळ्या झाडाची साल खरखरीत आणि इथं गुळगुळीत. फुटवेसुद्धा मोडलेत. कुणाचा तरी रोज हात लागतो इथं. घरात लहान मूल आहे का?"

"न्हाई," आप्पा म्हणाले. "घरात कुनीच न्हाई."

आणि मग त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी कात्री टेबलावर ठेवली. मॅडमचं बोट होतं तिथं आपलं बोट लावलं आणि सालीवरून हळूच फिरवलं. दोन बोटं मावतील एवढीच ती गुळगुळीत जागा. मला आक्कांचा चाचपडणारा डावा हात दिसला. बाजेवरून तो हात बरोबर तिथवरच पोचत असणार. आप्पा चार वर्षं झाडाच्या पलीकडे बसले, त्यांना तो दिसला नाही. मी अलीकडून रोज बघत होते, आणि मला तो नुसता चाळा वाटला. उभ्या घरात आपणहून त्या बाईच्या हाताशी येणारी तेवढीच एक वस्तू होती.

"मॅडम," आप्पा म्हणाले, "नंबर दुसऱ्याला द्या."

दिला. एका वडाला दिला. आम्ही टाळ्या वाजवल्या, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा हॉलभर लोकांसमोर रडले. परत येताना आप्पांनी कुंडी मांडीवर घेतली. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, चाकूर गेलं. त्यांचं बोट त्या जागेवरून हललं नाही. लातूर आल्यावर एवढंच म्हणाले, "मी तिला समदं इचारलं, वैनी. हात लागतो का, हे इचारलंच न्हाई."

आता चिंच पुन्हा त्याच स्टुलावर आहे, रिकाम्या बाजेला लागून, ती फांदी बाजेकडे करून. माझी टाकी मी अजून दुरुस्त केलेली नाही. पंधरा दिवस गल्ली गप्प होती. मग परवा सकाळी मी भाकऱ्यांना बसले आणि भिंतीपलीकडून आवाज आला.

"ठेवू का काढू?"

माझा हात पिठातच थांबला. पुढची शांतता मला सहन होईना. भाकरी तव्यावर पडायच्या आत मी भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "हाव."

पलीकडे कात्री खाली ठेवल्याचा आवाज आला. मग खुर्ची सरकली.

"वैनी," आप्पा म्हणाले, "ती इतक्या लौकर सांगत नव्हती."