गुणवंतकाकांची खरखर

नागपूरच्या बेसा भागातल्या आमच्या सोसायटीत सकाळी कोणी दार वाजवलं, तर एक तर दूधवाला, नाहीतर गुणवंतकाका. काकांच्या हातात छोटा रेडिओ असतो. तो कुठल्याच स्टेशनवर नसतो, नुसता खरखरत असतो.

काका मौद्याच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेले, वरच्या मजल्यावर एकटेच राहतात. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा "नमस्कार"ही न म्हणता रेडिओ पुढे धरून आत शिरले. टीव्हीजवळ धरून झाला, फ्रिजजवळ धरून झाला. हॉलमधल्या नव्या एलईडी दिव्याखाली रेडिओ एकदम बोंबलला.

"हा पाहा चोर! कुठून आणला गा?"

"जरीपटक्याच्या बाजारातून. स्वस्तात मिळाला."

"मंग! स्वस्तवाल्यात फिल्टरच टाकत नाही. उजेड कमी देते अन् बोंब जास्त मारते."

त्यांच्या खिशात खरखर अडवणाऱ्या काळ्या चुंबकी कड्या असतात. माझ्या चार्जरच्या वायरला कडीतून तीन वेढे दिले आणि चार्जरला दम भरला, "आता बोलून दाखव!"

बायकोनं भीत भीत विचारलं, "काका, कॉम्प्युटरच्या डब्याला हात लागला की झिणझिण्या येतात. काहून?"

काकांनी टेस्टर काढला, प्लगचं तिसरं भोक तपासलं आणि गंभीर झाले. "यातला फिल्टर खरखर गिळते अन् जराशी वीज अर्थिंगमध्ये सोडते. इथं अर्थिंगच नाही. मंग ते तुमच्या अंगातून जाऊन राहिली, वहिनी. उद्या गीझर बिघडला तर नुसत्या झिणझिण्यांवर नाही भागणार. ज्या घराले अर्थिंग नाही, त्या घराले काही अर्थ नाही!"

खाली मीटरखोलीत पाहिलं, तर रंगकामाच्या वेळी कोणीतरी अर्थिंगची तारच तोडलेली. म्हणजे अख्खी इमारत तशीच! काका दोन दिवस ऐन मे महिन्याच्या उन्हात इलेक्ट्रिशियनच्या डोक्यावर उभे होते. अर्थिंगसाठी नवा खड्डा झाला, तार जोडली, झिणझिण्या थांबल्या.

रविवारी रात्री आठच्या सुमारास मी बायकोनं केलेली सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, घेऊन वर गेलो. टेबलावर भलामोठा रेडिओसंच होता, त्याची तार खिडकीतून गच्चीवर गेलेली. काकांनी खुणेनंच बसवलं.

"बालाघाटचा दोस्त आहे. दोघायजवळ हॅम रेडिओचं लायसन. चाळीस वर्षं झाली, रोज आठले बोलतो. भेट कधीच नाही."

"आता आवाज स्पष्ट येत असेल."

"आवाज गेला त्याचा. होळीले लकवा मारला." काकांनी बटण हळूच फिरवलं. "त्याचा पोरगा फोनवर सांगते, आठ वाजले का संचासमोर बसवा म्हणून बाप खुणा करते. एक बोट चालते. त्यानं तारयंत्राची कळ दाबते. इथं बारीकसा 'पीप' येते. जराशी खरखर असली का बुडून जाते तो."

मग त्यांनी माइक ओढला. उन्हाचं सांगितलं, नव्या खड्ड्याचं सांगितलं, मी आणलेल्या वडीचा एक घास घेऊन तिचंही सविस्तर वर्णन केलं. बोलणं थांबवून कान संचाला लावला.

खोलीत काही वाजत नव्हतं. पंखाही त्यांनी बंद केला होता.

पीप.

थोड्या वेळानं पुन्हा, पीप.

काकांनी डोळे पुसले आणि माझ्याकडे वळले. "वहिनीले सांगा, माह्यासाठी दोन वड्या ठेवजो म्हणते तो."