मेश्रामभाऊंची स्पॅनिश

आमच्या शेजारचे मेश्रामभाऊ कुणी बातमी सांगितली, की आधी तिचं वाक्य मोडून नाम करत. ही अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशीची गोष्ट. रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून, वय त्रेपन्न. सीताबर्डीच्या रद्दीवाल्याकडे स्पॅनिश व्याकरणाचं एक पुस्तक मिळालं, त्यावरूनच ते ही भाषा शिकत. रोज सकाळी पाऊण तास, आमच्या सामाईक ओट्यावर, मोठ्यानं. ऐकायला मी.

"'वहिनीनं वांगे आणले', हे झालं वाक्य," ते सांगत. "आता म्हणा, 'वहिनीचं वांगे आणणं'. आणणारी तीच, वांगे तेच, सारे आपापल्या जागी. दोन्ही घरं एकाच नकाशावर बांधले. स्पॅनिशातही असंच हाय. फक्त कधी आणले, ते नाही समजत. समजून राहिले ना भाऊ?"

"कधी ते मले विचारा," आतून माझी बायको म्हणाली. "नवरा ओट्यावरून उठत नाही म्हणून मीच आणले, आत्ता."

दोन वर्षांत चारशेच्या वर सकाळी मी ऐकल्या. काहून शिकता, हे एकदाही विचारलं नाही.

मग त्यांचा मुलगा आला. मेक्सिकोत नोकरी, बायको तिथलीच, आणि पाच वर्षांची इनेस, जिला स्पॅनिशशिवाय काही येत नव्हतं. मुक्काम बारा दिवसांचा. भाऊंनी इस्त्रीचा सदरा घातला, नातीपुढे उकिडवे बसले आणि पाठ केलेलं म्हणाले. तुझं आमच्या घरी येणं, असं काहीतरी. पोरीनं बापाकडे पाहिलं. भाऊंनी पुन्हा म्हटलं, जरा जोरात.

"बाबा, ती अक्षरं तिकडे अशी नाही वाचत," मुलगा हळूच म्हणाला.

भाऊंनी ती भाषा कधी कानांनी ऐकलीच नव्हती. सगळी इंग्रजीसारखी वाचली होती. मी हसलो. चांगला मोठ्यानं हसलो. भाऊही हसले, माझ्यानंतर.

त्या दिवसापासून ते नातीशी स्पॅनिशचा एक शब्द बोलले नाहीत. सीताफळ सोलून, बिया काढून, गर तिच्या हातावर ठेवायचे. ती बोलायची, ते मान हलवायचे.

बाराव्या दिवशी दुपारी मीही स्टेशनवर गेलो. गाडी हलता हलता इनेसनं खिडकीतून आजोबांना काहीतरी सांगितलं. बरंच लांब. भाऊंनी प्रत्येक शब्दाला मान हलवली.

गाडी गेल्यावर मी विचारलं, "काय म्हणाली?"

"समजलं नाही भाऊ," ते म्हणाले. "पुन्हा सांग, असं म्हणता येते मले. म्हणणारच होतो. पण तुम्ही होते ना संगं."